मातीच्या भिंतीवरचं कवेलूचं छत बदलायचं आहे: स्लॅब, टिन की पुन्हा कवेलू?

माजघर_आर्वी

राम राम मंडळी. आर्वी तालुक्यातलं घर आहे. भिंती मातीच्या, दीड फूट जाड, खाली दगडी जोतं. बाहेरून माप ३० बाय २४ फूट. मागे १३ फूट खोल अशा दोन खोल्या, पुढे ८ फुटांची छपरी (ओसरी). वर सागाचे फाटे (वासे) आणि इंग्रजी कवेलू (मंगलोरी कौलं). फाट्यांना उधई (वाळवी) लागली आहे, त्यामुळे छत पूर्ण उतरवायचंच आहे. कवेलू मात्र बहुतेक शाबूत आहेत. जमीन काळी.

ठेकेदार स्लॅब टाका म्हणतो. शेजाऱ्यांचं मत टिन आणि खालून पीव्हीसीची सीलिंग. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कवेलूच पाहिजे. मे महिन्यात दुपारी खोलीत बसता यावं आणि जुलैत घरात भांडी मांडावी लागू नयेत, एवढीच अपेक्षा. दोन्ही गोष्टी एका छतात जमतात का? सीलिंग लावायचीच झाली तर कशाची?

रेती_गिट्टी

ताई, छत पसंत करण्याआधी वजन बघा. एका चौरस फुटाला साधारण असं पडतं: पाच इंची स्लॅब २९ ते ३० किलो, इंग्रजी कवेलू ४ किलोच्या आसपास (फाटे-पट्ट्या वेगळ्या), टिन अर्धा किलो.

तुमचं छत ७२० चौरस फूट. म्हणजे स्लॅबचंच वजन २१ टन, वर माणसं, पाण्याची टाकी, गिलावा वेगळा. मातीच्या भिंतीवर हे ठेवायचं नाही. जो ठेकेदार भिंत न पाडता स्लॅब टाकून देतो म्हणतो त्याला कॉलम कुठे घेणार ते विचारा. स्लॅब हवाच असेल तर कॉलम-बीमचा सांगाडा उभा करावा लागेल, आणि काळ्या मातीत त्याचा पाया हा स्लॅबपेक्षा मोठा प्रश्न आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ही हालचाल वरच्या साडेतीन मीटरपर्यंत चालते. म्हणून तिथे अंडर-रीम्ड पाइल (बुडाशी फुगवटा असलेले खोल काँक्रीटचे खांब) घेतात, किंवा थर उथळ असेल तर माती काढून मुरूम लागेपर्यंत खाली जातात. तीन-चार फुटांवर काळ्या मातीतच फुटिंग (कॉलमखालचा पाया) बसवलं तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला तिरप्या भेगा येतात, आणि लोक दोष सिमेंटला देतात.

वऱ्हाडी_ठोका

वयनी, एक गोठ ध्यानात ठेवा. टिनाले खालून कितीबी नटवा, वरून ऊन थांबवल्याशिवाय खोली थंडी होत नाई. पयले वरचं पाहा, मंग खालचं.

स्थापत्य_यवतमाळ

स्लॅबला एकदम बाद करू नका. भिंती पाडून नव्याने बांधणारे इथे वाचत असतील, त्यांच्यासाठी लिहितो.

७२० चौरस फूट, पाच इंच जाडी, म्हणजे ३०० घनफूट, बरोबर ३ ब्रास काँक्रीट. एम-२० दर्जाच्या काँक्रीटसाठी सिमेंट, रेती, गिट्टी १ : १½ : ३ धरलं तर सिमेंटच्या ६८ ते ७० गोण्या, रेती सव्वा ते दीड ब्रास, गिट्टी अडीच ते पावणेतीन ब्रास. लोखंड ७०० किलोच्या आसपास, बीम वेगळे. नेमका गज आणि अंतर नकाशात असेल तेच. मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका.

आपल्याकडे स्लॅब बिघडतो तो एप्रिल-मेमध्ये टाकल्यामुळे. पारा ४४-४५, वारा कोरडा, गिट्टी आणि लोखंड हाताला चटका देणारं. काँक्रीटमधलं पाणी जमायच्या आधीच उडतं आणि दोन-तीन तासांत वरच्या अंगाला जाळीसारख्या भेगा पडतात. मग मजूर वरून सिमेंटचं पाणी ओततात. भेग झाकते, बुजत नाही. उपाय असे: काम संध्याकाळी सुरू करा, गिट्टी आदल्या दिवसापासून भिजवून सावलीत ठेवा, सेंट्रिंगच्या (स्लॅबखालच्या तात्पुरत्या साच्याच्या) प्लेटांवर आधी पाणी मारा, आणि पृष्ठभाग घासून होताच ओली बारदानं अंथरा. सकाळी सिमेंट-रेतीच्या मसाल्याची आळी बांधून त्यात दोन इंच पाणी. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) मध्ये कोरड्या-गरम हवेत किमान १० दिवस पाणी सांगितलं आहे, मिश्र सिमेंटला (पीपीसी) १४ दिवस धरा. उन्हाळ्यात गावात टँकर चालू असताना १४ दिवस पाणी कुठून आणणार, ते आधी ठरवा. विहीर आटली असेल तर दिवाळीनंतर टाका, काही बिघडत नाही.

टेकू काढायची घाई नको. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधलं अंतर) ७ दिवस, त्यावर १४. बीमचे टेकू ६ मीटरपर्यंत १४, पुढे २१ दिवस.

छपरी_दारव्हा

@स्थापत्य_यवतमाळ, स्लॅब मजबूत, मान्य. पण मे महिन्यात रात्री अकरा वाजता स्लॅबच्या घरात झोपून दाखवा. दिवसभर प्यायलेलं ऊन तो मध्यरात्रीपर्यंत ओकत असतो. टिन दुपारी भट्टी, पण दिवस मावळला की तासाभरात थंड.

स्थापत्य_यवतमाळ

बरोबर आहे, आणि म्हणूनच उघडा काळपट स्लॅब सोडू नये. वरून पांढरा करा. साधा कळीचा चुना विरवून, गाळून, त्यात थोडं पांढरं सिमेंट आणि चिकटण्यासाठी फेव्हिकॉलसारखा गोंद. मार्चमध्ये दोन हात, आडवा आणि उभा. पावसात बराच धुऊन जातो, दरवर्षी द्यावा लागतो. वणी-राजूर पट्ट्यात चुन्याच्या भट्ट्या आहेत, त्यामुळे आपल्याकडे चांगला चुना मिळायला अडचण नाही. कायमचं हवं असेल तर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, उतार आठ फुटाला एक इंच, आणि पॅरापेटच्या (कठड्याच्या) कोपऱ्यात गोल वाटा (सिमेंटची गोलाई).

दुसरा मार्ग फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या निम्म्या जाडीतल्या काँक्रीटला ताण झेलायचा नसतो, ते काम गज करतो. तिथे गजांच्या चौकटीत दोन-दोन कवेलू तोंडाला तोंड लावून ठेवतात. काँक्रीट वाचतं, वजन कमी होतं आणि कवेलूमध्ये अडकलेली हवा उष्णता अडवते. कवेलू आधी पाण्यात पूर्ण भिजवलेले हवेत, नाहीतर काँक्रीटमधलं पाणी ते शोषून घेतात. आणि नकाशा फिलर स्लॅबचाच हवा. साध्या स्लॅबमध्ये मनाने कवेलू टाकायचे नाहीत.

नवं_घरकुल

मधेच विचारतो, माफ करा. घरकुलाच्या २५ चौरस मीटरला स्लॅब टाकायचा तर सामान किती?

रेती_गिट्टी

आत २५ चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट. भिंती धरून छत ३२५ पकडा. पाच इंचाला १३५ घनफूट, सुमारे १.३५ ब्रास. सिमेंट ३१-३२ गोण्या, लोखंड सव्वातीनशे किलोच्या पुढेमागे. अनुदानाच्या पुढच्या हप्त्याच्या भरवशावर सेंट्रिंग बांधून ठेवू नका. भाडं दिवसावर चढतं आणि गज गंजतो.

टिनशेड_पुसद

मूळ विषयावर येतो. ताईंच्या भिंतीवर टिन हा सरळ हिशोब आहे, फक्त टिन नीट बसवला पाहिजे. टिन उडतो तो टिनामुळे नाही, बांधणीमुळे उडतो. मे-जूनच्या वावटळीत छत वर खेचलं जातं. वर दगड आणि टायर ठेवून ते थांबत नाही, उलट दगड खाली माणसांवर येतात.

भिंतीच्या माथ्यावर सगळीकडून सहा इंची काँक्रीटचा पट्टा घ्या, १० मिमीचे चार गज, रिंगा सहा ते आठ इंचावर. मातीची भिंत असल्याने कैचीच्या (छत पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटीच्या) जागी १२ मिमीचा गज भिंतीत तीन फूट खाली उतरवून खाली आडव्या तुकड्याला वाकवा आणि वर पट्ट्यात अडकवा. म्हणजे वाऱ्याला छत उचलायचं तर भिंतीचं वजनही उचलावं लागेल. पट्ट्यातून बोल्ट बाहेर काढून त्यावर कैचीची प्लेट.

पत्रा ०.५० मिमीचा घ्या. दुकानदार ०.३५ दाखवतील, तो माकडाच्या उडीने दबतो. कडेला एक ते दीड नळी (पत्र्याची उंच लाट) आणि लांबीला जोड आला तर सहा इंच दाब. शक्यतो उताराच्या पूर्ण लांबीचा एकच पत्रा मागवा, जोडच नको. स्क्रू नळीच्या माथ्यावर, रबरी वॉशरसह, आणि रबर किंचित फुगेल एवढाच पिळा. जोरात पिळला की वॉशर फाटतो आणि पहिल्याच पावसात टिपकतो. भोकं पाडल्यावर लोखंडाचा कीस झाडून टाका. तो राहिला तिथून गंज सुरू होतो.

अडुळसा

पत्र्याऐवजी सिमेंटचे पत्रे कसे? टिनापेक्षा कमी तापतात म्हणतात.

स्थापत्य_यवतमाळ

कमी तापतात हे खरं, पण त्यातल्या पुष्कळांत ॲस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुप्फुसाचा कॅन्सर करते. घरावर नवे टाकू नका. कुणाकडे जुने असतील तर कोरडे कापू नका, भोक पाडू नका, झाडूने घासू नका. उतरवायचेच असतील तर पाण्याने ओले करून, नाक-तोंड नीट बांधून, अख्खे उतरवा. तुकडे आवारात टाकू नका, तिथे मुलं खेळतात.

सीलिंगवाला_वरोरा

आता सीलिंग. टिनाखाली पीव्हीसी पॅनल सगळेच लावतात, कारण काम एका दिवसात होतं आणि चकचकीत दिसतं. पण पीव्हीसी साधारण ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं, आणि मे महिन्यात टिन दुपारी त्याहून जास्त तापतो. पॅनल टिनाला लागून चार-सहा इंचांवर असेल तर दोन उन्हाळ्यांत मधे झोळ येतो आणि जोड उघडतात. लावायचंच तर टिन आणि पॅनलमध्ये कमीत कमी दीड फूट जागा, आधार दर दोन फुटांवर, आणि भिंतीकडे चारही बाजूंनी पाव इंच मोकळं, त्यावर पट्टी. थर्मोकोल अजिबात नको. भडकतो, जळताना थेंब-थेंब गळतो, आणि उंदीर त्यात घरं करतात.

जिप्सम बोर्ड आणि पीओपी हे स्लॅबखालचं काम. टिनाखाली एक थेंब जरी आला तरी बोर्ड फुगतो, पिवळा डाग धरतो आणि सुटतो. शिवाय पत्रा दिवसा ताणतो, रात्री आकसतो, त्याच्या कैच्या हलतात, म्हणून पीओपीला केसासारख्या भेगा पडतातच.

टिनाखाली माझी पसंती कॅल्शियम सिलिकेट किंवा फायबर सिमेंटचं बोर्ड, २ बाय २ फुटांच्या टी-ग्रिडमध्ये (टी आकाराच्या पट्ट्यांची चौकट). ओल सहन करतं, जळत नाही, आणि एखादं बिघडलं तर तेवढंच उचलून बदलता येतं. वर काही गळतंय का ते बघायला एक चौकोन उचलला की झालं.

आर्वीची_लेक

कूलरचा मुद्दा कुणी काढला नाही. विदर्भात मार्च ते जून घरात कूलर चालू. त्याचा दमटपणा पीओपीला मारतो. स्लॅबच्या घरात कूलरसमोरच्या कोपऱ्यात काळी बुरशी दिसते ती त्यानेच. कूलर खिडकीबाहेर, आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं पाहिजे. हवा बाहेर पडायला वाट नसेल तर सीलिंग कोणतीही लावा, खोली चिकट होणार.

आणि ताई, चुलीच्या खोलीत सीलिंग लावूच नका. धूर साचतो, पॅनल वर्षभरात पिवळं-काळं पडतं, वर तेलकट थर बसतो तो आगीला आमंत्रण. तिथे उघडं छत आणि आढ्याजवळ धुराडं.

टिनशेड_पुसद

@आर्वीची_लेक, कूलरच्या मुद्द्याला जोडून एक, हात जोडून सांगतो. टिनाच्या घरात वायरिंग उघडी पत्र्यावरून नेऊ नका. उंदीर आवरण कुरतडतात, पत्र्यात करंट उतरतो, आणि ओल्या पायाने कूलरला हात लावणारा माणूस जातो. वायर पीव्हीसी पाइपमधून, कूलरला तिसरी वायर आणि खरं अर्थिंग, आणि मीटरनंतर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की आपोआप लाइन तोडणारा स्विच). सीलिंगच्या पैशातून कापावे लागले तरी हे आधी करा.

पूर्णाकाठ

आमच्या बुलडाणा-अकोला भागातल्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. लाकडी मयालींवर (तुळयांवर) पाट्या, त्यावर तुराट्या किंवा निंबाचा पाला, मग सहा ते नऊ इंच माती आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. एवढी जाडी असल्यावर दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. उन्हाळ्यात यासारखं घर नाही. पण नऊ इंच माती म्हणजे चौरस फुटाला ३५ किलोच्या वर, स्लॅबपेक्षाही जड. ते पेलायला जाड सागवान लागतं, आणि पावसाळ्याआधी दरवर्षी पांढरी माती टाकून परनाळी साफ कराव्या लागतात. पश्चिम विदर्भात पाऊस कमी म्हणून चाललं. भंडारा-गडचिरोलीच्या पावसात टिकणार नाही.

रेती_गिट्टी

@पूर्णाकाठ, आणि सध्याच्या लाकडाच्या भावात नवा धाबा कोणाला परवडणार? जुना चांगला असेल तर मात्र मोडू नये. अनेक ठिकाणी धाब्यावर पाणी गळतं म्हणून वरून प्लॅस्टिक टाकून पुन्हा माती टाकतात. दोन थर मातीने मयाली वाकतात. आधी जुनी माती खरवडून काढा.

झाडीपट्टी

आमच्याकडे धान. तणस (धानाचा पेंढा) टिनावर पसरून उन्हाळा काढतात. थंडावा खरा मिळतो, पण एक ठिणगी पुरते. पऱ्हाट्यांचंही (कपाशीच्या काड्या) तेच. टिनावर कोरडं काही ठेवू नका.

सीलिंगसाठी माझं मत बांबूच्या तट्ट्याला (विणलेल्या चटईला). गडचिरोली-चंद्रपूरला बांबू भरपूर, आणि चिचपल्लीला बांबूचं प्रशिक्षण केंद्रच आहे. तट्टा टिनाखाली फूटभर सोडून लाकडी किंवा लोखंडी चौकटीवर बांधतात. फक्त कच्चा बांबू लावू नका. सहा महिन्यांत घुण लागून खाली पिठासारखी भुकटी पडते. बांबू तीन-चार वर्षांचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला. तट्टा विणण्याआधी कामट्या बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या ५ टक्के द्रावणात पूर्ण बुडवायच्या (१०० लिटर पाण्याला ३ किलो बोरॅक्स, २ किलो बोरिक) आणि सावलीत वाळवायच्या. हे औषध पाण्याने धुतलं जातं, म्हणून आतल्या सीलिंगला चालतं, उघड्या ओसरीला नाही.

सीलिंगवाला_वरोरा

@झाडीपट्टी, तट्ट्यातून धूळ गळते. वरून पातळ ताडपत्री?

झाडीपट्टी

ताडपत्रीने दमट होतो. खालच्या अंगाने चुना-मातीचा हात द्या. फटी भरतात आणि खोली उजळते.

माजघर_आर्वी

सगळ्यांचे आभार. रेती_गिट्टी दादांचा हिशोब बघून स्लॅब सोडला. धाबाही नाही. आता टिन की कवेलू एवढंच उरलं. कवेलूला घरच्यांचा होकार आहे, पण वानरांचं काय? दारात निंब आहे, त्यावरून टोळी उतरते आणि दहा-वीस कवेलू फोडून जाते. दरवर्षी कवेलू फेरायला (काढून पुन्हा नीट बसवायला) माणूस मिळत नाही.

सुतार_सेलू

वैनी, मग दोन्ही टाका. खाली टिन, वर कवेलू.

कैचीवर आधी लोखंडी पट्ट्या, त्यावर टिन, टिनाच्या नळीच्या माथ्यावर उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या, आणि त्यावर आडव्या पट्ट्या साडेबारा इंचावर. कवेलू आडव्या पट्टीला अडकतात. उभ्या पट्ट्यांमुळे टिन आणि कवेलूमध्ये दीड-दोन इंच मोकळी हवा राहते. कवेलू ऊन खातो, टिन सावलीत राहतो, मधली गरम हवा आढ्याकडून निघून जाते. वानराने कवेलू फोडला तर पाणी टिनावरून पागोळीला (छताच्या बाहेर आलेल्या कडेला) जातं, घरात नाही. फुटलेला कवेलू सवडीने बदला.

उभी पट्टी वगळून आडवी पट्टी थेट टिनावर मारली तर तिथे पाणी आणि कचरा अडतो आणि पत्रा सडतो. पैसे वाचवायला मिस्त्री नेमकी तीच वगळतात.

टिनशेड_पुसद

कल्पना चांगली, पण पट्टी मारताना पडलेल्या प्रत्येक भोकातून पाणी येऊ शकतं. शिवाय चढ? टिनाला चार फुटाला एक फूट पुरतो, कवेलूला नाही.

सुतार_सेलू

भोकं नळीच्या माथ्यावरच पडतात, आणि पट्टी व पत्रा यांच्यात रबराची चकती ठेवायची. पाणी नळीच्या खोलगटातून वाहतं, माथ्यावरून नाही. चढाबद्दल तुम्ही बरोबर. कवेलूला दोन फुटाला एक फूट, म्हणजे २६-२७ अंश ठेवा. कमी ठेवला तर वाऱ्यासोबत पाणी मागे चढतं आणि कवेलू सरकतात.

रेती_गिट्टी

मग माप काढून देतो. रुंदी २४ फूट, आढं मधोमध, प्रत्येक बाजूला १२ फूट, उंची ६ फूट. उतार साडेतेरा फूट, दीड फुटाची पागोळी धरून १५ फूट. लांबी ३० अधिक दोन्ही टोकांना एकेक फूट, ३२. दोन्ही बाजू मिळून ९६० चौरस फूट.

टिन: १५ फुटी, प्रत्यक्ष झाकणारी रुंदी एक मीटर धरून एका बाजूला १०, एकूण २० पत्रे. आढ्याचा पत्रा दाबासह ३५ फूट. खालच्या लोखंडी पट्ट्या एका बाजूला पाच ओळी, म्हणजे दहा ओळी, ३२० फूट. कैच्या साडेसात फुटांवर पाच. ६० बाय ४० चा २ मिमी पाइप पट्ट्यांना चालेल, पण कैचीचा आराखडा फॅब्रिकेटरकडून काढून घ्या. स्क्रू ५०० मागवा.

कवेलू: १०० चौरस फुटाला १४० च्या आसपास. ९६० ला १३५०, फूट-तूट धरून १४५०. जुने मोजा. ठोकून बघा, खणखणीत वाजला तर ठेवा, बद्द वाजला तर भेग आहे. कमी पडले तर त्याच साच्याचे शोधा. कारखान्यागणिक खाच वेगळी असते आणि मिसळलेले बसत नाहीत. वेगळे मिळाले तर एका पूर्ण उतारावर एकाच जातीचे लावा.

वजन कवेलू आणि टिन मिळून साडेचार टनांच्या आत-बाहेर, कैच्या-पट्ट्या आणि काँक्रीटचा पट्टा वेगळा. तुमच्या भिंती आज एवढं पेलतच आहेत.

वऱ्हाडी_ठोका

निंबाची फांदी छताहून आठ-दहा फूट तोडा. वानर येनं बंद नाई होणार, पन धपकन उडी तर नाई मारणार. पागोळीच्या आन आढ्याच्या कवेलूले भोकातून जस्ती तार बांधा.

माजघर_आर्वी

हे घरच्यांना पटलं. आता शेवटचं: एवढं केल्यावर खालून सीलिंगची गरज आहे का?

सीलिंगवाला_वरोरा

मागच्या दोन खोल्यांना लावा, छपरी उघडी ठेवा. सीलिंग कैचीच्या खालच्या पट्टीच्या पातळीवर, जमिनीपासून नऊ फुटांवर घ्या. पंख्याची पाती जमिनीपासून आठ फुटांखाली यायला नको, आणि पंख्याचा हुक सरळ कैचीला, सीलिंगच्या चौकटीला कधीच नाही.

महत्त्वाचं म्हणजे वरच्या पोकळीला श्वास पाहिजे. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत आढ्याजवळ दीड बाय दीड फुटाची जाळीची खिडकी, आणि पागोळीखाली सलग फट. जाळी अर्ध्या इंचापेक्षा बारीक, नाहीतर उंदीर येतात आणि उंदरामागे साप. बंद पोकळीतली गरम हवा संध्याकाळी सीलिंगमधूनच खाली उतरते.

चमकती फॉइल लावणार असाल तर ती टिनाला चिकटवू नका. खाली निदान एक इंच हवा सोडली तरच तिचा उपयोग. तुमच्या बाबतीत वर कवेलू आहेत, त्यामुळे फॉइलचे पैसे वाचवून बोर्ड चांगलं घ्या.

माजघर_आर्वी

बोर्ड की तट्टा?

झाडीपट्टी

उंदीर असतील तर बोर्ड. नसतील तर तट्टा, औषध दिलेला.

सीलिंगवाला_वरोरा

सहमत. उंदीर असतातच, म्हणून बोर्ड.

माजघर_आर्वी

ठीक, बोर्ड. कामाचा क्रम सांगा. पाऊस यायच्या आधी सगळं होईल का?

सुतार_सेलू

फेब्रुवारीत सुरू करा. आधी कवेलू उतरवून, मोजून, सावलीत उभे रचून ठेवा. आडवे रचले तर तळचे फुटतात. मग भिंतीवरचा काँक्रीटचा पट्टा, त्याला दहा दिवस पाणी. तेवढ्यात फॅब्रिकेटरकडे कैच्या तयार होतात, दोन हात लाल रंग त्याच्याकडेच लावून घ्या. उघडी मातीची भिंत या काळात झाकून ठेवा, फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी आणि गारा येतातच. कैच्या, पट्ट्या, टिन हे चार-पाच दिवसांचं काम. टिन झाला की घर सुरक्षित. त्यानंतर वायरिंग, मग कवेलू.

सीलिंग पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर लावा, जुलैमध्ये. टिपका असेल तर तो बोर्ड लावायच्या आधी दिसेल आणि एका स्क्रूवर काम भागेल.